मुलं वाढवताना गाणं लिहायचं: आठवणीपासून पुऱ्या चालीपर्यंत

मूल घरात आलं की गाणी लिहिणाऱ्या माणसाचा वेळ जातो, हे सगळेच सांगतात. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मुलाच्या बुटाची नाडी बांधताना, तापलेल्या कपाळावर हात ठेवताना, अंधाराला घाबरलेल्या पोराशेजारी पडून राहताना आपलं स्वतःचं लहानपण अचानक समोर येऊन उभं राहतं. कित्येक वर्षांत ज्याची आठवण झाली नव्हती असा एखादा आवाज, एखादी भिंत, कुणाच्या तरी तळहाताचा खरखरीतपणा. ज्या मुलांमुळे लिहायला सवड मिळत नाही, तीच मुलं लिहायचा ऐवज रोज आणून देत असतात.

तो ऐवज गाण्यापर्यंत कसा न्यायचा, हे इथे पायरीपायरीने सांगतो. त्यामागचा विचार आधी. गाणं लिहिताना आपण तीन वेगवेगळी कामं करत असतो: वेचणं, घडवणं आणि पुरं करणं. आठवणी वेचायच्या तर मुलांच्या गराड्यातच असावं लागतं. ओळी आणि चाल घडवताना हात कामात गुंतलेले चालतात, डोकं तेवढं मोकळं हवं. दार लावून शांत बसावं लागतं ते फक्त तिसऱ्या कामाला, आणि पहिली दोन नीट झालेली असतील तर त्याला वेळही सर्वांत कमी लागतो. ‘लिहायला वेळच मिळत नाही’ असं वाटतं तेव्हा बहुतेकदा ही तिन्ही कामं हाती आलेल्या एकुलत्या एका शांत तासात कोंबायचा प्रयत्न चाललेला असतो.

चाल लावता येत नसेल आणि फक्त शब्दच लिहायचे असतील, तरी यातलं जवळपास सगळं उपयोगी पडेल.

पायरी १: मुलाच्या वयाचं बोट धरून मागे जा

‘लहानपणीचं काहीतरी आठवूया’ असं ठरवून बसलं की तेच ते चार प्रसंग हाती लागतात, जे आपण आजवर अनेकांना सांगून गुळगुळीत केलेले असतात. त्याऐवजी तुमचं मूल आत्ता ज्या वयाचं आहे, त्या वयाचे तुम्ही कुठे होता तिथून सुरुवात करा. मूल सहा वर्षांचं असेल तर सहाव्या वर्षी तुमचं अंथरूण कुठे असायचं? खिडकी डोक्याशी होती की पायाशी? रात्री घरातला शेवटचा आवाज कोणता यायचा? शाळेतून आल्यावर घरात पहिल्यांदा कोण दिसायचं, आणि ते माणूस त्या वेळी काय करत असायचं? मूल वाढत जाईल तसे हे प्रश्नही वाढत जातात, त्यामुळे ऐवज संपत नाही.

स्मृतीबद्दल दोन-तीन गोष्टी ठाऊक असल्या की हे काम सोपं होतं. तिसऱ्या वर्षाच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना जवळजवळ काहीच आठवत नाही. तेव्हा मूल तान्हं असेल तर स्वतःच्या डोक्यात शोधत बसू नका, घरातल्या थोरांना विचारा. मी रडायचो तेव्हा मला कोण घेऊन फिरायचं, काय गुणगुणायचं, एवढं विचारलं तरी पुष्कळ मिळतं. याउलट दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी उतारवयातही दाट राहतात. दुसरी गोष्ट वासाची. वासाची वाट मेंदूतल्या भावनेच्या आणि स्मृतीच्या भागांना फार थेट जाऊन मिळते. म्हणून एखादी जुनी पेटी उघडल्यावर किंवा पहिल्या पावसात ओली झालेली माती हुंगल्यावर जे वर येतं, ते जुने फोटो बघून येत नाही. आणि तिसरी गोष्ट, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. दर वेळी आठवताना आपण ती नव्याने जुळवतो. भावाला जिना लाकडी आठवतो आणि तुम्हाला दगडी, यावर वाद घालू नका. गाण्याला दोन्ही जिने चालतात. तुम्हाला जो दिसतो तो घ्या.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली युक्ती अगदी साधी आहे: आठवण आधी मुलाला सांगा. लिहू नका, सांगा. मुलं अर्धवट गोष्ट चालवून घेत नाहीत. ‘मग दार कसलं होतं?’ ‘तू एकटाच होतास?’ ‘तुला भीती वाटली का?’ ‘मग त्यांनी काय केलं?’ असे प्रश्न येतात, आणि त्यांची उत्तरं देता देता ज्या बारकाव्यांची गाण्याला गरज असते ते सगळे बाहेर पडतात. मूल ज्या ठिकाणी हातातलं खेळणं खाली ठेवून तुमच्याकडे बघतं, ती जागा लक्षात ठेवा. गाणं बहुधा तिथेच असतं. शिवाय हा वेळ मुलाकडून काढून घेतलेला नसतो, त्याला दिलेला असतो.

मूल झोपलं किंवा खेळायला पळालं की त्या आठवणीची एक ओळ टिपून ठेवा. टिपायची जागा एकच असू द्या: एक छोटी वही, नाहीतर फोनमधली एकच नोंद. चार ठिकाणी विखुरलेल्या टिपणांचं पुढे काही होत नाही. हात गुंतलेले असतील तर फोनच्या रेकॉर्डरवर वीस सेकंद बोलून ठेवा. एक पथ्य मात्र कडक पाळा: टिपणात भावनेचं नाव लिहायचं नाही. ‘ते सुंदर दिवस’, ‘निरागसपणा’, ‘खूप आठवण येते’ यातलं काहीही नको. फक्त जे दिसलं, ऐकू आलं, हाताला लागलं तेवढंच. ‘बाबा उशिरा यायचे, मला करमायचं नाही’ या टिपणातून पुढे काही उगवत नाही. ‘रात्री कुलपात किल्ली फिरायचा आवाज आला की मग मला झोप लागायची’ यातून गाणं उगवतं. हीच आठवण मी पुढे उदाहरण म्हणून घेणार आहे.

पायरी २: कोणत्या आठवणीचं गाणं होतं ते ओळखा

वहीत पंधरा-वीस ओळी जमल्या की निवडायला बसा. जी आठवण तुम्हाला सर्वांत हळवी करते तीच घ्यावी असं वाटेल. इथे जरा थांबा.

१६८८ साली योहान्नेस होफर या डॉक्टरने घरापासून दूर असलेल्या माणसांच्या झुरण्यावर प्रबंध लिहिला आणि त्या झुरण्याला चक्क आजार ठरवलं. पुढे परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांबद्दल एक गोष्ट सांगितली जाऊ लागली. गुराख्यांची एक धून ऐकली की ते रडत, फौज सोडून पळत, म्हणून ती धून वाजवायला मनाई होती. झां-झाक रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात ही गोष्ट नोंदवली आणि तिच्यावर फार नेमकं निरीक्षण केलं: परक्या माणसावर त्या धुनेचा असा काहीच परिणाम होत नाही. जे होतं ते ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या आठवणींमुळे होतं.

गाणं लिहिणाऱ्याने हे मनात पक्कं धरावं. तुमच्या आठवणीने तुमचे डोळे भरतात, त्यात गाण्याने अजून काहीच केलेलं नसतं. ऐकणारा तुमच्या घरात राहिलेला नाही. त्याच्यासाठी ते घर, तो जिना, ती किल्ली गाण्यातच उभी करावी लागते.

म्हणून निवडताना तीन गोष्टी तपासा. आठवणीत एखादी वस्तू किंवा आवाज आहे का, जो एका शब्दात सांगता येतो? त्यात कुणाला तरी काहीतरी हवं आहे का, कुणी वाट बघतंय, कुणी लपतंय, कुणी रुसलंय? आणि सर्वांत महत्त्वाचं, आई किंवा बाप झाल्यावर त्या आठवणीचा अर्थ बदलला का? किल्लीच्या आवाजाची वाट बघणारा मुलगा आता स्वतः किल्ली घेऊन दाराशी उभा असतो. दिवसभर दमून आलेल्या त्या बापाला काय वाटत असेल, हे त्याला आत्ता कळतंय. असा बदल ज्या आठवणीत सापडतो तिच्यात शेवटचा अंतरा, म्हणजे गाण्याचं शेवटचं कडवं, आधीपासूनच दडलेला असतो. ज्या आठवणीचा अर्थ तेव्हा होता तोच आजही आहे, तिचं छान वर्णन होईल, पण गाणं दोन कडव्यांनंतर पुढे सरकणार नाही.

सगळ्यांचं लहानपण गोड नसतं. मुलं वाढवताना जुनी दुखणीही वर येतात, आणि त्यांची गाणी करायलाच हवीत अशी सक्ती कुणावरही नाही. एखादी आठवण टिपल्यावर दोन दिवस मन जड राहत असेल, मुलांवर चिडचिड होत असेल तर ती वही बंद करा. जवळच्या माणसाशी बोला, गरज वाटली तर समुपदेशकाशी बोला. गाणं थांबू शकतं.

पायरी ३: शब्दांआधी साचा ठरवा

सतत व्यत्यय येणाऱ्या घरात मुक्तछंद फार अवघड जातो, कारण अर्धी ओळ सोडून उठलात की परत आल्यावर तिचा तोल सापडत नाही. ठरलेला साचा असेल तर तोल साच्यात राहतो आणि तुम्ही कितीही वेळा उठलात तरी चालतं. त्यासाठी मराठीत दोन साचे फार हाताशी आहेत.

पहिला अभंगाचा. मोठ्या अभंगात चार चरण असतात, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, फक्त अक्षरं मोजायची आणि जोडाक्षर एकच धरायचं. एवढं मोजणं बोटांवर, अंधारात, मांडीवर मूल असतानाही जमतं. किल्लीची आठवण या साच्यात अशी बसते:

कुलपात किल्ली
हळूच फिरावी
भीती ओसरावी
अंधाराची

दुसरा साचा मात्रांचा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, अनुस्वार असलेल्या अक्षराच्याही दोन. आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात ज्या ऱ्हस्व अक्षरावर येतो त्याच्याही दोनच. म्हणजे ‘किल्ली’ चार मात्रांची झाली. आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे जोडले की सोळा मात्रांची ओळ होते. केरवा या तालाचं आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, आठ मात्रांचं असल्यामुळे अशी ओळ दोन आवर्तनांत सहज बसते:

किल्ली फिरली, दार उघडलं
अंधाराचं भय मावळलं

आठवण एकच, पण दोन्हींचा स्वभाव वेगळा. अभंगातली ओळ प्रार्थनेसारखी शांत वाटते आणि एकाच जागी स्थिर राहते. केरव्यातल्या ओळीत पावलं आहेत, कुणीतरी खरंच येतंय. मला येणाऱ्या बापाचं गाणं हवं होतं, म्हणून दुसरा साचा घेतला आणि त्याच दोन ओळींचा मुखडा, म्हणजे परत परत येणारा भाग, केला. तुमच्या आठवणीत हालचाल किती आहे ते बघा आणि ठरवा. झुलण्याची, डोलण्याची आठवण असेल तर सहा मात्रांचा दादरा तिला चांगला मानवतो.

इथे बोलीच्या रूपांचा प्रश्न येतो. ‘उघडले’ आणि ‘उघडलं’ या दोन्हींच्या मात्रा सारख्याच, त्यामुळे घरात जसं बोलता तसं लिहायला साचा आड येत नाही. लहानपणाच्या गाण्यात मी बोलीच पसंत करतो, कारण मूल ‘उघडले’ म्हणत नाही. मात्र ओळीचा शेवटचा सूर लांबवायचा असेल तर ‘लं’वर आवाज कोंडतो आणि ‘ले’वर मोकळा राहतो. अशा जागी ओळ प्रत्यक्ष गाऊन बघा आणि मग ठरवा. कागदावर हा निर्णय होत नाही.

पायरी ४: हात कामात, डोकं ओळीत

आता घडवायचं काम, आणि बहुतेक सगळं गाणं इथेच होतं. भांडी घासणं, कपडे वाळत घालणं, बाबागाडी ढकलत चालणं, मूल झोपेपर्यंत त्याला थोपटत बसणं: या कामांत हातांना सवय असते आणि डोक्याला फारसं काही करावं लागत नाही. जात्यावर बसलेल्या बायकांनी ओव्या रचल्या त्या असंच काम चालू असताना, पुष्कळदा लेकरू मांडीवर घेऊन. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. घरात आणि शेतात राबताना त्या जे गात ते त्यांच्या मुलाने आणि एका नातेवाइकाने उतरवून घेतलं, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचलं. आपण गाणी लिहायला टेबल-खुर्ची लागते असं मानतो, ते अलीकडचं.

प्रत्येक कामाला एकच प्रश्न घेऊन जा. ‘आज गाणं लिहायचं’ हा प्रश्न भांड्यांपुढे टिकत नाही. ‘जागत होतो’ला यमक काय, किंवा मुखड्यानंतर चाल वर जावी की खाली यावी, एवढा लहान प्रश्न टिकतो. उत्तर आलं तर हात पुसून रेकॉर्डरवर गाऊन ठेवा. नाही आलं तर तोच प्रश्न पुढच्या कामाला न्या. किल्लीच्या गाण्याचा पहिला अंतरा मला मुलाला थोपटताना मिळाला:

डोळे मिटून जागत होतो
दूर पावलं मोजत होतो

थोपटण्याची लय आपोआप आठ मात्रांत पडते, शब्द तिच्या मागे येतात. चालतानाही असंच होतं. माणूस सहज चालतो तेव्हा मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं पडतात, म्हणजे एका पावलाला एक मात्रा धरली तर मध्यम लयीचा ठेका फुकट मिळतो. अंगाईसाठी ही लय जलद आहे. तिथे एका मात्रेला दोन पावलं धरू नका, चालणंच सोडा आणि मुलाला मांडीवर झुलवता त्या गतीने गुणगुणा.

चाल सुचत नसेल तर ओळ आधी नुसती बोला. मुलाच्या कानात सांगताय अशी, मग दुसऱ्या खोलीत हाक मारताय अशी. बोलताना आवाज कुठे वर जातो, कुठे थांबतो ते ऐका आणि तोच चढउतार सुरांत मोठा करा. मराठी ओळीत प्रश्न विचारताना शेवट वर जातो, समजूत घालताना खाली येतो. याच्या उलट चाल लावली तर शब्द परके वाटतात. सुरुवातीला पाचच सूर घ्या. भूप रागातले सा, रे, ग, प, ध घेतले तर बेसूर वाटावी अशी जागा सापडणं कठीण, आणि मुलंही अशी चाल लवकर उचलतात. म आणि नी हे सूर नंतर, जिथे ओळीला दुखायचं असेल तिथेच आणा.

रेकॉर्डिंगना त्याच वेळी नाव द्या. ‘नवं रेकॉर्डिंग’ नावाच्या रांगेतून महिन्याभराने काहीही सापडत नाही. ‘किल्ली मुखडा, हळू’, ‘किल्ली अंतरा, वरून सुरू’ एवढं पुरतं. मागे मूल रडत असेल, नळ वाहत असेल, तरी ते रेकॉर्डिंग पुसू नका.

एक काम मात्र यातून वगळा. मूल पाण्याजवळ, रस्त्यावर किंवा चुलीपाशी असेल तेव्हा यमक शोधायचं नाही. तसंच मूल तुमच्याशी बोलत असताना मनात ओळ चालू असेल तर त्याला ते लगेच कळतं. ओळ परत येते.

पायरी ५: आठवड्यातली एक बैठक मिळवा

पुरं करायला शांत वेळ लागतो. आठवड्याला पाऊण तासाची एक बैठक पुष्कळ झाली, पण ती खरोखर मिळायला हवी.

ती कुठून काढायची हे मुलाच्या वयावर अवलंबून आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसाच्या झोपेसकट ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्यांना १० ते १३, त्यापुढे बाराव्या वर्षापर्यंत ९ ते १२. दुपारची झोप आहे तोवर ती जागा सर्वांत चांगली, कारण तेव्हा तुम्ही अजून पुरते थकलेले नसता. दुपारची झोप सुटली की सकाळ बघा. रात्री मूल झोपल्यावरचा वेळ दिसतो मोठा, पण तेव्हा डोकं चालत नाही आणि एक ओळ सुधारता सुधारता मध्यरात्र होते. मोठ्यांनाही किमान ७ तास झोप लागते. ती कापून लिहिलेली गाणी काही आठवडे येतात, मग लिहिणंच बंद पडतं. मूल वर्षाच्या आतलं असेल आणि रात्री उठत असेल तर मी स्पष्ट सांगेन: बैठक मागू नका. वेचत राहा, गुणगुणत राहा, रेकॉर्डिंग जमवा. ते वर्ष वाया जात नाही, पुढच्या कितीतरी गाण्यांचा साठा त्यात होतो.

जोडीदार असेल तर बैठक आधी ठरवून घ्या आणि त्यांनाही तेवढाच, विनाअट वेळ द्या. ‘जमलं तर बसेन’ असं म्हटलं की कधीच जमत नाही आणि मनात अढी मात्र बसते. एकट्याने मूल वाढवत असाल तर दुसऱ्या एखाद्या पालकाशी अदलाबदल करा, एका आठवड्यात दोन्ही मुलं तुमच्याकडे, पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे. आणि मूल पाच-सहा वर्षांचं झालं असेल तर त्याला खरं कारण सांगा. ‘मला काम आहे’पेक्षा ‘मी गाणं लिहितोय, झालं की पहिल्यांदा तुला ऐकवीन’ हे त्याला जास्त पटतं, आणि तो शब्द मग पाळावाच लागतो.

पायरी ६: पाऊण तासात काय करायचं

फोन विमान मोडवर टाका, कारण रेकॉर्डिंग ऐकायला तो हातात लागणारच. पहिली दहा मिनिटं फक्त आठवड्याची रेकॉर्डिंग ऐका, काही बदलू नका. ज्या तुकड्याला मान आपोआप डोलते त्यावर खूण करा. मग पुढची अर्धी बैठक एकाच प्रश्नावर घालवा: या आठवड्यात मुखडा पक्का करायचा, किंवा दुसरा अंतरा, किंवा चालीतली अडलेली जागा. शेवटची दहा मिनिटं, हातात जे असेल ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग गाऊन रेकॉर्ड करा. एखादी ओळ नसेल तिथे नुसतं ‘ला ला’ म्हणा. हे सलग गाणं फार महत्त्वाचं आहे, कारण पुढचा आठवडाभर तेच कानात राहतं आणि रिकामी जागा स्वतःहून शब्द मागायला लागते.

पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कुठे धरायचा ते, याच बैठकीत ठरवा. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर हळू आवाजातही आला पाहिजे, कारण हे गाणं तुम्ही बहुधा झोपलेल्या घरात गाणार आहात. पुरुषांचा आवाज बऱ्याचदा हार्मोनियमच्या काळी एक-दोनमध्ये आणि बायकांचा काळी चार-पाचच्या आसपास सहज लागतो. पण हा अंदाजच. आवाज चिरकत असेल तर अर्धा सूर खाली या. मूल सोबत गाणार असेल तर त्याला तुमचा खर्ज झेपणार नाही, चाल एका सप्तकात ठेवा.

शेवटचा अंतरा शेवटी लिहा. पायरी २ मध्ये शोधलेला अर्थाचा बदल इथे येतो, आणि तो समजावून सांगायचा मोह टाळावा लागतो. ‘आता मला बाबांचे कष्ट कळले’ अशी ओळ मी कधीच ठेवणार नाही. ती ऐकणाऱ्याचं काम हिरावून घेते. फक्त वस्तू दुसऱ्या हातात द्यायची:

आता किल्ली माझ्या हाती
आत कुणीसं जागं राती

आणि यानंतर मुखडा जसाच्या तसा परत. ‘किल्ली फिरली, दार उघडलं’ हेच शब्द पहिल्यांदा अंथरुणातून ऐकू आले होते, आता दाराबाहेरून येतात. ‘अंधाराचं भय मावळलं’ यात आता भय कुणाचं, हे मोकळं राहतं. मुखड्याचे शब्द न बदलता त्याचा अर्थ बदलला तर अंतरे जमले असं समजा. तसं होत नसेल तर मुखड्याला हात लावू नका, मधल्या अंतऱ्यात काय कमी पडतंय ते शोधा. बहुधा तिथे एखादी पाहिलेली गोष्ट सोडून तुम्ही मत मांडलेलं असतं.

पायरी ७: मुलाला ऐकवा, मग इतरांना

गाणं मुलाला ऐकवताना ‘कसं वाटलं?’ विचारू नका, ते चांगलंच म्हणेल. दोन दिवस काही न बोलता थांबा. खेळताना मुखडा त्याच्या तोंडी आला तर चाल बसली. तो एखादा शब्द चुकीचा म्हणत असेल तर आधी त्याचा शब्द ऐकून बघा, पुष्कळदा तो तोंडात जास्त सोपा असतो आणि तोच ठेवावा. गाण्यातली एखादी जागा मुलाला कळली नाही तर घाईने बदलू नका. तो अंतरा त्याच्यासाठी अजून काही वर्षांनी उघडेल.

बाहेर ऐकवण्याआधी दोन माणसांचा विचार करा. एक तुमचं मूल. त्याचं नाव, आजारपण, शाळेतली फजिती, रात्रीची भीती हे त्याचं खाजगी आहे. आज तीन वर्षांचं असलेलं मूल तेराव्या वर्षी ते गाणं मित्रांसमोर ऐकणार आहे. म्हणून मुलावरची गाणी मी घरापुरती ठेवतो आणि बाहेर नेतो ती माझ्या लहानपणाची, ज्यात मूल आलं तरी नावाशिवाय येतं. दुसरं माणूस म्हणजे तुमचे आईवडील. ते हयात असतील तर गाणं त्यांना आधी ऐकवा, निदान त्यात काय आहे ते सांगा. तुमच्या आठवणीतला उशीर त्यांच्या बाजूने काही वेगळाच असू शकतो: दुसरी नोकरी, आजारी माणूस, चुकलेली शेवटची गाडी. त्यांनी ते सांगितलं तर लगेच फोनचं रेकॉर्डर सुरू करा, अर्थात परवानगी घेऊन. बऱ्याचदा पुढचं गाणं तिथेच सुरू होतं.

पुरं झालेलं गाणं एका वेगळ्या वहीत स्वच्छ उतरवा: शब्द, ताल, पट्टी, तारीख आणि त्या वेळी मुलाचं वय. सलग गायलेलं शेवटचं रेकॉर्डिंग फोनबाहेर आणखी एका ठिकाणी ठेवा. पुढच्या बैठकीत नवीन गाण्याला सुरुवात करताना वेचणीच्या वहीतली वापरलेली ओळ खोडा आणि राहिलेल्या ओळी मोठ्याने वाचा. मधल्या काळात मूल थोडं वाढलेलं असतं, त्यामुळे मागच्या वेळी साधीच वाटलेली एखादी ओळ आता पुढे येईल. ती घ्या.